मर्लची टोपी

सरोवराकाठच्या पोर्ट हेरॉनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये पंचवीस-तीस हजार माणसं बसत, आणि त्यातल्या निम्म्यांना मर्ल होकस्ट्राची टोपी ओळखीची होती. टोपीखालचा माणूस मात्र रस्त्यात समोर आला असता तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. बसका बांधा, पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे आणि डाव्या हाताचा अंगठा कायमचा बाहेर वळलेला. चर्चमधल्या काही बायका त्याला बेकरीवालाच समजत, कारण त्याच्या धाकट्या भावाची बेकरी होती आणि दोघं दिसायला सारखे होते. मर्लने त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

तो तिथल्या क्लबाच्या बुलपेनचा कॅचर, म्हणजे सरावाचे चेंडू झेलणारा, होता. सामना नऊ डावांचा, पण तो सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, काही शेवटपर्यंत टिकत नाही. पाच-सहा डावांत त्याचा हात थकतो, आणि मग कुंपणापलीकडच्या बाकावर बसलेल्यांपैकी कुणाला तरी बोलावणं येतं. तो बाक, मातीचे दोन उंचवटे आणि भिंतीवरचा एक फोन, याला मिळून बुलपेन म्हणायचं. फोन वाजला की ज्याचं नाव निघेल तो उठणार, मर्लच्या ग्लोव्हमध्ये चेंडू टाकून हात गरम करणार, आणि पठ्ठ्या तयार झाला असं मर्लला वाटलं की मर्ल डोक्यावरची टोपी वर उचलणार. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मॅनेजर ती टोपी बघून पिचर बदलायचा. मॅनेजर आले नि गेले, टोपीची रीत तशीच राहिली.

खुद्द मर्ल मोठ्या सामन्यात कधीच खेळला नाही. तरुणपणी खालच्या क्लबांतून बसने हिंडला, पाव-सॉसेजवर दिवस काढले आणि गुडघे गेल्यावर इथे आला. त्याची खरी कला आवाजाची होती. चेंडू ग्लोव्हच्या नेमक्या खोलगटात घेतला की बंदुकीसारखा आवाज येतो, आणि टाकणाऱ्याची छाती दोन बोटं फुगते. मर्ल मरतुकड्या चेंडूचाही असा बार काढायचा. त्याला स्वतःला हे पक्कं ठाऊक होतं की ग्लोव्ह थापा मारतो. पण टोपीने कधी थाप मारली नव्हती, आणि साध्या माणसाला असतो तेवढा सगळा गर्व त्याने या एका गोष्टीत साठवला होता.

बापाकडून त्याला दोनच गोष्टी मिळाल्या होत्या. एक धाक आणि दुसरी पेपरमिंट. होकस्ट्रा मंडळी जुन्या वळणाची डच. रविवारी खेळणं म्हणजे पाप, म्हणून बाप पोराचा एकही सामना बघायला आला नाही. पण चर्चमध्ये प्रवचन लांबलं की तोच बाप खिशातून पांढरी पेपरमिंट काढून बाकावरून हळूच पुढे सरकवायचा. मर्लने ती चाल बुलपेनमध्ये आणली. सगळ्यांत नव्या पिचरने खाऊची बॅग वाहायची, ही तिथली जुनी थट्टा. बॅग लहान मुलींची, गुलाबी, वर शिंगवाल्या घोड्याचं चित्र. तिच्यात मर्ल दर आठवड्याला पेपरमिंटचं एक पुडकं टाकायचा.

त्या वर्षी ती बॅग जार्विन हॉजसनच्या पाठीवर होती.

आता तो नियम सांगायलाच हवा, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं. मोठे क्लब चांगली पोरं खालच्या क्लबांत वर्षानुवर्षं डांबून ठेवतात. तसं होऊ नये म्हणून दर हिवाळ्यात एक दिवस असा येतो, की दुसऱ्याच्या परसात दुर्लक्षित पडलेलं पोर तुम्ही उचलून आणू शकता. मात्र आणलंत तर सबंध मोसम त्याला आपल्या वरच्या सव्वीस जणांत बसवायचं. कच्चं आहे म्हणून शिकायला खाली धाडायची सोय नाही. सव्वीसातून काढलंत तर आधी जुन्या मालकाला विचारायचं, बाबा, परत हवाय का? मोसमाचा शेवटचा दिवस गाठला की पोर तुमचं, मग खाली धाडा नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. प्रत्यक्षात कच्चं पोर बाकावर बसून राहतं, आणि त्याच्या वाटणीचं काम बाकीच्यांच्या खांद्यावर येतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

जार्विन बावीस वर्षांचा. निकाराग्वाच्या किनाऱ्यावरच्या ब्लूफिल्ड्स गावचा. तिथली काळी माणसं घरात त्यांच्या वळणाची इंग्रजी बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. आदल्या शरद ऋतूत अ‍ॅरिझोनाच्या शिबिरात मर्लने त्याचे चेंडू पकडले होते. त्यातला एखादाच असा यायचा, की फलंदाजापर्यंत सरळ येऊन शेवटच्या हातभरात खाली बसायचा. दहांत एक. पण तो एक पकडताना मर्लचा वाकडा अंगठाही सुखावला होता. वरच्या ऑफिसातून कुणीतरी सहज विचारलं, "तो निकाराग्वाचा कसा वाटतो रे?" आणि ज्याने जन्मात कुणाची शिफारस केली नव्हती तो मर्ल म्हणाला, "घ्या."

त्यांनी घेतलं. एप्रिलमध्ये पोर पहिल्यांदा मैदानात गेलं आणि चेंडू भरकटल्याने ओळीने चौघांना फुकटात बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पाठवून, पाचव्याकडून होम रनचा कुंपणापार टोला खाऊन परत आलं. लोकांनी हुर्यो उडवली. कुणीतरी गॅलरीतून ओरडलं, "याला होडीत बसवून परत पाठवा." जार्विनने बाकावर बसून गुलाबी बॅग मांडीवर घेतली आणि चेन उघडून-लावून करत राहिला.

मॅनेजर टर्क फेअरली दुसऱ्या दिवशी मर्लला म्हणाला, "तुझी शिफारस ना ही? मग तूच सांभाळ. मी याला फक्त हरलेल्या नाहीतर जिंकून झालेल्या सामन्यात टाकणार."

मर्लने सांभाळलं. अगदी घरी नेऊन सांभाळलं. त्याची बायको लोइस हिने तळघरातली खोली झाडून दिली. जार्विन सुट्टीच्या दिवशी तिच्या ओव्हनमध्ये नारळाच्या दुधातला पाव भाजायचा. लोइस म्हणायची, "फार गोड बाई," आणि दोन तुकडे खायची. तो तिला "मिस लोइस" म्हणायचा आणि मर्लला "मिस्टर मर्ल". मूल-बाळ नसलेल्या त्या घराला ही हाक जरा जास्तच लागली.

जार्विनच्या वाटणीचं ओझं ओढलं ते क्लेटन प्रुएटने. सगळे त्याला प्रू म्हणत. ओक्लाहोमाचा, छत्तिशीतला, लाल दाढीचा आणि तोंडाचा फाटका. त्याची आणि मर्लची दोस्ती इतकी जुनी, की प्रूच्या लग्नात अंगठी मर्लच्याच खिशात होती. मोसमाआधी कुणी विचारलं नव्हतं असा तो क्लब जुलैत जिंकायला लागला आणि फोन सारखा प्रूच्याच नावाने वाजू लागला.

"पुन्हा मीच?" तो उठताना म्हणायचा. "या घरात दुसरं कुणी कमावतं नाही का रे?"

"तूच थोरली सून," मर्ल म्हणायचा.

"आणि ही धाकटी काय करते?" प्रू जार्विनकडे बोट दाखवायचा. "नुसती बॅग सांभाळते. ए धाकटे, पेपरमिंट दे."

जार्विन हसून पेपरमिंट द्यायचा. त्यात विष नव्हतं. उलट चेंडूवर बोटं कशी ठेवायची, हे प्रूच त्याला रोज दुपारी शिकवायचा. ते शिकवणं ऑगस्टात फळाला आलं. दहांत एक बसणारा चेंडू दहांत चार बसू लागला. पण ते फक्त दुपारच्या सरावात. फोन वाजला, माणसांचा आवाज आला, की खांदे ताठ आणि चेंडू भरकटलेला.

आणि त्याच ऑगस्टात प्रूने आपली बॅग डाव्या हाताने उचलायला सुरुवात केली. टाकायचा हात उजवा. मर्लने पाहिलं आणि विचारलं.

"काही नाही," प्रू म्हणाला. "कोपर रात्री जरा बोलतं. तू मात्र बोलू नकोस. या वयात दुखतं म्हटलं की दुसऱ्या दिवशी हारतुरे घालून घरी पाठवतात."

मर्ल बोलला नाही. त्या गुरुवारपर्यंत प्रूचं हे गुपित त्याच्यापाशी होतं, आणि ते आपण भल्यासाठीच ठेवलं आहे असं त्याला वाटत होतं.

गुरुवारचा सामना दुपारचा होता. सरोवरावरून वारा येत नव्हता, आणि झेंडे काठीला चिकटून होते. आठव्या डावात क्लब पाच धावांनी पुढे होता. आदल्या दोन्ही दिवशी प्रूने चेंडू टाकले होते, म्हणून तो मागच्या खोलीत कोपराला गरम टॉवेल गुंडाळून पडला होता. फोन वाजला. बुलपेनचा प्रशिक्षक आर्ट याने घेतला आणि म्हणाला, "हॉजसन. मॅनेजर म्हणतो, पाच धावा आहेत, बघू या तरी."

जार्विन उठला. पहिले पाच-सात चेंडू नेहमीसारखेच, इकडे तिकडे. मग काय झालं कोण जाणे, त्याचे खांदे खाली आले. पुढचा चेंडू मर्लच्या गुडघ्याच्या रेषेत आला आणि टेबलावरून चमचा पडावा तसा खाली बसला. मग आणखी एक. मग आणखी. मर्लला ग्लोव्हचा आवाज काढावाच लागला नाही, तो आपसूक निघत होता. इतक्या वर्षांत इतका चांगला चेंडू त्याने फार थोड्यांचा पकडला होता. जार्विन थांबला आणि टोपीकडे पाहू लागला.

मर्लचा उजवा हात टोपीपर्यंत गेला.

तिथे तो अडला. त्याला एप्रिल आठवला. मॅनेजरने चारच दिवसांपूर्वी म्हटलं होतं, "अजून एकदा माती खाल्ली की परत पाठवून देतो." झाकली मूठ सव्वा लाखाची. पोर बाकावर बसून राहिलं तर सप्टेंबरअखेर ते क्लबाचं झालं. आज मैदानात गेलं आणि बिचकलं तर सोमवारी तळघरातली खोली रिकामी. हे झालं सांगायचं कारण. त्याच्या तळाशी आणखी एक होतं, ते मर्लला पुढे कितीतरी दिवसांनी स्वतःशी कबूल करावं लागलं. आयुष्यात एकदाच त्याने "घ्या" म्हटलं होतं, आणि ते चुकलं असं त्याला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

त्याने कान खाजवला आणि हात खाली घेतला.

फोन पुन्हा वाजला. आर्टने मर्लकडे पाहिलं. "विचारतोय, तयार आहे का?"

"अजून नाही," मर्ल म्हणाला. "अंग ताठ आहे."

जार्विनने ते ऐकलं. आर्टने फोनवर ऐकलं, मान हलवली आणि, बाकीचे आधीच्या डावांत वापरून झाले होते म्हणून, मागच्या खोलीचं दार वाजवलं. प्रू टॉवेल सोडत बाहेर आला.

"काय रे, धाकटीचं बाशिंग अजून बांधून झालं नाही वाटतं?" तो म्हणाला आणि उंचवट्यावर चढला.

त्याचे चेंडू मेलेले होते. पहिल्याच चेंडूला मर्लला कळलं. ग्लोव्हमध्ये ओलं फडकं पडावं तसे ते येत होते. मर्लने प्रत्येकाचा बार काढला, छान बंदुकीसारखा, आणि सातव्या-आठव्या चेंडूनंतर टोपी उचलली. तयार असलेल्याला त्याने नाही म्हटलं आणि नसलेल्याला हो. एका दुपारी टोपी दोनदा खोटं बोलली.

प्रूने दोन फलंदाज बाद केले. तिसऱ्याला टाकताना चेंडू त्याच्या हातून भलतीकडेच सुटला आणि पहिल्या रांगेच्या जाळीवर आदळला. प्रू पडला नाही, ओरडला नाही. उजवा हात पोटाशी धरून तो नुसता उभा राहिला आणि डाव्या हातातल्या ग्लोव्हकडे बघत राहिला. मर्ल कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभा होता. आपण काय केलं हे त्याला त्याच क्षणी कळलं. समजायला त्याला डॉक्टर लागला नाही.

डॉक्टर म्हणाला, कोपरातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया होईल, चमचा धरता येईल, दाढी करता येईल. चेंडू विसरा.

संध्याकाळी मर्ल त्याला भेटायला गेला तेव्हा प्रू पलंगावर बसून डाव्या हाताने सँडविच खात होता.

"पोरगं बिचकलं होतं ना?" त्याने विचारलं.

मर्लने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बरं केलंस नाही सोडलंस," प्रू म्हणाला. "माझं कोपर आज नाही तर उद्या जाणारच होतं. त्याला कशाला त्या लांडग्यांच्या तोंडी द्यायचं? तुझी टोपी आहे म्हणून बरं, मर्ल. दुसरा असता तर फोनला घाबरून उचलून बसला असता."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मर्लला नुसतं खवखवलं नाही, त्याच्या घशाखाली घास उतरेना. लोइसने विचारलं तर म्हणाला, उन्हाचा त्रास. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना त्याने खिशातली पेपरमिंट काढली, शेजारी सरकवली आणि स्वतः घेतली नाही. बाप जिवंत असता तर त्याने एका नजरेत ओळखलं असतं.

प्रू गावी निघून गेला असता तर कदाचित निभलं असतं. पण तो गेला नाही. क्लब जिंकत होता आणि शेवटपर्यंत बघणार म्हणाला. हात गळ्यात बांधून तो रोज बुलपेनमध्ये यायचा आणि बाकाच्या टोकाला, आपल्या जुन्या जागी बसायचा. एका हाताने पेपरमिंटचा कागद सुटत नसे. म्हणून तो डावा हात मर्लपुढे धरायचा, आणि मर्ल कागद सोडून ती पांढरी गोळी त्याच्या तळव्यावर ठेवायचा. दर सामन्याला दोनदा, तीनदा. ते करताना मर्ल त्याच्या तोंडाकडे कधी बघत नसे.

प्रू खेळातून गेल्यावर जार्विनला मैदानात जावंच लागलं. दुसरं होतं कोण? आणि तो अगदीच वाईट खेळला नाही, पण चांगलाही नाही. सरळ चेंडू टाकायचा. कुणी उंच मारायचं, ते नशिबाने सीमेवर झेललं जायचं. मग नशीब आटलं. सप्टेंबरच्या मध्यावर एकाच आठवड्यात तीन होम रन बसले. मॅनेजरने मर्लला बोलावून सांगितलं, "वरून परवानगी मिळाली आहे. रविवारपर्यंत बघतो. सोमवारी परत. मला पोसायला जागा नाही आता."

मर्ल घरी आला. तळघरात जार्विन खाटेवर बसून चेंडू बोटांत फिरवत होता.

"जार्विन," मर्ल म्हणाला, "तो खाली बसणारा चेंडू कुठे गेला तुझा?"

"तो मी सोडला, मिस्टर मर्ल."

"का सोडलास?"

पोराला प्रश्नच विचित्र वाटला. "तुम्ही टोपी नाही उचललीत म्हणून," तो म्हणाला. "त्या गुरुवारी. माझ्याकडून त्याच्यापेक्षा चांगला निघूच शकत नाही. मी आईला फोनवर सांगितलं, आज हात असा चालला होता, असा कधीच चालला नव्हता. आणि तुम्ही म्हणालात, तयार नाही. मग मला कळलं, मला वाटतं ते खरं नसतं. तुम्ही इतकी वर्षं बघताय. म्हणून मी दुसरं टाकायला लागलो."

मर्ल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. प्रूच्या कोपराचा हिशेब त्याने गेला महिना मनाशी मांडला होता. हा दुसरा त्याच्या गावीही नव्हता. ज्या पोराला वाचवायला सगळं केलं, त्याच्याच हातातला चेंडू त्याने काढून घेतला होता. आणि तो परत द्यायचा तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं की प्रूचं कोपर या पोराच्या उशाशी येऊन बसणार. मर्लने तेही पाहिलं. पण गप्प राहायची सवय कुठे नेते हे त्याला आता कळून चुकलं होतं.

"तू तयार होतास," तो म्हणाला. "तुझ्याइतकं तयार मी फार थोड्यांना पाहिलंय. मी घाबरलो. तू नाही."

जार्विनच्या हातातला चेंडू फिरायचा थांबला. मग ज्या प्रश्नाची मर्लला भीती होती तोच त्याने विचारला.

"मग मिस्टर प्रू?"

"ते माझ्यामुळे. तुझा त्यात काही संबंध नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मी रोज त्यांच्या शेजारी बसतो, मिस्टर मर्ल," जार्विन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मर्लला बरं वाटलं असतं. "ते मला बोटं कशी धरायची ते अजून सांगतात. डाव्या हाताने दाखवतात."

"रविवारी सांगतो," मर्ल म्हणाला. "सामना झाला की."

रविवारी सरोवरावरून गार वारा होता, आणि प्रू अंगावर घोंगडी घेऊन बसला होता. सातव्या डावात क्लब एका धावेने पुढे, विरुद्ध बाजूची दोन माणसं बेसवर, आणि पिचर दमलेला. आर्टने फोन घेतला आणि भुवया चढवल्या. "हॉजसन," तो म्हणाला. "दुसरं कुणी उरलेलं नाही."

जार्विन उंचवट्यावर चढला. मर्ल बसला, गुडघे कुरकुरले, ग्लोव्ह पुढे धरला. पोराने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बोटं चेंडूवर जुन्या पद्धतीने ठेवली. पहिला मातीत गेला. दुसरा बसला. तिसरा बसला. चौथा असा बसला की मर्लचा अंगठा कळवळला. बाकाच्या टोकाला प्रू पुढे वाकला. त्याच्या मांडीवरची घोंगडी खाली घसरली, ती त्याने उचलली नाही.

मर्ल उठला. त्याने टोपी काढली आणि डोक्याच्या चांगली वर धरली, पलीकडच्या टोकाच्या मॅनेजरलाच काय, वरच्या गॅलरीतल्या माणसालाही दिसावी इतकी. कुंपणाचं दार उघडलं. जार्विन धावत गेला.

"हा चेंडू सामन्याच्या वेळी याला कधीपासून जमतो?" प्रूने विचारलं.

सामना झाला की सांगणार होता तो. घरून वाक्यं जुळवून आणली होती, चार-पाच, सगळ्यांत "मी" कमी आणि "परिस्थिती" जास्त. त्यातलं एकही आठवलं नाही.

"ऑगस्टपासून," मर्ल म्हणाला.

"मी होतो ऑगस्टात इथे. सामन्याच्या वेळी कधी पाहिला नाही."

"तू आतल्या खोलीत होतास. टॉवेल लावून."

प्रू हळूहळू मागे टेकला. त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते या वेळी मर्लने सगळं पाहिलं, नजर वळवली नाही. आर्ट फोनजवळ उभा राहून विनाकारण भिंत बघत होता.

"म्हणजे तो तयार होता," प्रू म्हणाला.

"होय."

"आणि मी नव्हतो, हेही तुला कळलं होतं."

"पहिल्याच चेंडूला," मर्ल म्हणाला. "मला माफ कर, प्रू."

प्रूने मैदानाकडे तोंड फिरवलं. मैदानात जार्विनने चेंडू टाकला होता. फलंदाजाने तो जमिनीवर मारला, आणि तो घरंगळत नेमका दुसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या क्लबाच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला. एक बाद, आणि तिथून चेंडू पहिल्या बेसकडे, दुसराही बाद, आणि डाव संपला. स्टेडियम उठून उभं राहिलं. सोमवारी आता कुणी कुठे जाणार नव्हतं. मर्लला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटली.

प्रूने बाकावरची गुलाबी बॅग डाव्या हाताने ओढली, चाचपून एक पेपरमिंट काढली. मर्लने सवयीने हात पुढे केला.

प्रूने गोळी बाजूला घेतली. मग ती गुडघ्यांत धरली, वाकून कागदाचं टोक दातांत पकडलं आणि ओढू लागला. कागद लवकर सुटेना. मर्ल टोपी हातात धरून तिथेच उभा होता, आणि प्रूने मान वर केली नाही.